हॉटेल काढलं दोघा भावांनी, नाव झालं तिसऱ्याचं. मॅकडोनाल्ड्सच्या रे क्रॉकची गोष्ट

पुण्या-मुंबईला जाताना हायवेवर कुठंतरी ती लाल-पिवळी पाटी दिसते आणि गाडीतली पोरं तिकडंच बोट दाखवायला लागतात. सोनेरी कमानींचं ते इंग्रजी एम अक्षर आता तालुक्याच्या पोरांनाही वाचून दाखवावं लागत नाही. मॅकडोनाल्ड्स. पण ज्या माणसानं हे हॉटेल जगभर नेलं, त्याचं आडनाव मॅकडोनाल्ड नव्हतंच. त्याचं नाव रे क्रॉक. पहिलं हॉटेल त्याचं नव्हतं, बर्गर झटपट बनवायची पद्धत त्याची नव्हती, कमानही त्याची नव्हती. तरी कंपनी त्याची झाली, आणि ज्यांचं नाव होतं त्यांनाच एक दिवस आपल्या दुकानावरून आपल्या आडनावाची पाटी खाली उतरवावी लागली.

हे झालं कसं, त्याची ही गोष्ट. यात बर्गर थोडा आहे. जमीन, भाडेपट्टा आणि करारनामा जास्त आहे.

क्रॉकचा जन्म ५ ऑक्टोबर १९०२ चा. गाव ओक पार्क, अमेरिकेतल्या शिकागो शहराला अगदी लागून. घराणं मूळचं युरोपातल्या बोहेमियाचं, म्हणजे आजच्या चेक देशातलं. आई पियानो शिकवायची, ती कला पोरात उतरली. वडिलांनी जमिनीच्या खरेदी-विक्रीत चांगला पैसा केला होता, पण १९२९ च्या मंदीत सगळा गेला. पोराचं शाळेत कधी मन रमलं नाही. पहिलं महायुद्ध सुरू होतं तेव्हा हा १५ वर्षांचा. वय खोटं सांगून रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर म्हणून भरती झाला. त्याची रवानगी व्हायच्या आत युद्धच संपलं. त्याच तुकडीत वॉल्ट डिस्ने नावाचा एक पोरगा होता. मिकी माऊसवाला डिस्ने, तोच.

पुढची तीसेक वर्षं क्रॉकनं एकच काम केलं, ते म्हणजे विकणं. दिवसा कागदी कप विकायचे, रात्री पियानो वाजवायचा. मधेच फ्लोरिडात जमिनीचे भाव भडकले म्हणून तिकडं प्लॉट विकायला गेला. तो फुगा फुटला आणि हा रिकाम्या हातानं परत आला. पुन्हा कप. १९३० च्या दशकाच्या शेवटाला त्याला एक यंत्र सापडलं. एकावेळी पाच मिल्कशेक घुसळणारं, नाव मल्टिमिक्सर. त्याची विक्री त्यानं अंगावर घेतली आणि मशीन गाडीत टाकून गावोगाव फिरायला लागला.

या फिरण्यात त्यानं हॉटेलं किती पाहिली असतील त्याला मोजदाद नाही. कुठला मालक गल्ल्यावर बसून झोपा काढतो, कुठल्या भटारखान्यात माश्या आहेत, कुठं गिऱ्हाईक पुन्हा येतं आणि कुठं येत नाही, हे सगळं तो बघत गेला. शाळा सोडलेल्या माणसाचं खरं शिक्षण इथं झालं म्हणायचं.

१९५४ उजाडेपर्यंत मात्र मिक्सरचा धंदा उतरणीला लागला होता. स्वस्त मशीनं बाजारात आली होती. क्रॉकचं वय पन्नाशीच्या पुढं, अंगात मधुमेह, सांधे धरलेले, पित्ताशय काढलेलं. या वयाला आपल्याकडं माणूस शेती पोराच्या हवाली करून पारावर बसायचा विचार करतो. अशात कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावातलं एक छोटं हॉटेल त्याच्या नजरेत भरलं. त्या एकट्या हॉटेलानं आठ मल्टिमिक्सर घेतले होते. म्हणजे एकावेळी चाळीस मिल्कशेक! एवढी गर्दी कुठून येते, हे बघायला तो स्वतः तिकडं गेला.

दोघा भावांची करामत

ते हॉटेल होतं मॉरिस आणि रिचर्ड मॅकडोनाल्ड या दोन भावांचं. लोक त्यांना मॅक आणि डिक म्हणायचे. मूळचे ते अमेरिकेच्या पूर्व टोकाच्या न्यू हॅम्पशायर राज्यातले. वडील बुटांच्या कारखान्यात होते, तिथली नोकरी गेली. पोरं पोटासाठी कॅलिफोर्नियाला आली, सिनेमाच्या स्टुडिओत हमाली केली, एक थिएटर चालवून बघितलं, ते चाललं नाही. १९४० मध्ये त्यांनी सॅन बर्नार्डिनोत हॉटेल टाकलं. गिऱ्हाईक मोटारीत बसूनच ऑर्डर द्यायचं आणि पोरी गाडीपर्यंत ताटं नेऊन द्यायच्या, अशी तेव्हाची पद्धत होती. धंदा बरा चालला होता.

आणि १९४८ मध्ये या भावांनी चालतं हॉटेल बंद ठेवलं. तीन महिने.

हिशेब बघताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की एवढे पदार्थ ठेवूनही बहुतेक विक्री हॅम्बर्गरची होते. मग बाकीचं ठेवायचं कशाला? त्यांनी यादी कापून नऊ पदार्थांवर आणली. वाढणाऱ्या पोरी बंद केल्या, काचेच्या बश्या-पेले बंद केले, सगळं कागदात. गिऱ्हाइकानं खिडकीशी यायचं आणि स्वतः घेऊन जायचं. सगळ्यात मोठं काम केलं ते भटारखान्यात. टेनिसच्या मैदानावर खडूनं भटारखान्याचा खराखुरा आकार आखला आणि कामगारांना त्यात बर्गर बनवायची नुसती ॲक्टिंग करायला लावली. कोण कुणाला आडवा येतो, कुणाचं पाऊल वाया जातं, हे बघून भट्टी कुठं, टेबल कुठं, चटणीचा डबा कुठं ते ठरवलं. कारखान्यात मोटारी बनतात तसा बर्गर बनायला लागला. एक माणूस फक्त भाजणार, दुसरा फक्त कागदात गुंडाळणार. बर्गर १५ सेंटला, इतर ठिकाणच्या जवळपास निम्म्या भावात.

सुरुवातीला गिऱ्हाईक तुटलं. गाडीत बसून भोंगा वाजवायची सवय झालेली माणसं उतरायला तयार नव्हती. पण काही महिन्यांत खिडकीपुढं रांगा लागल्या. सोनेरी कमानींची कल्पनाही डिकचीच.

क्रॉकनं हे सगळं भर दुपारी गाडीतून उतरून डोळ्यांनी पाहिलं. तो आला होता मिक्सर विकायच्या हिशेबानं. अशी शेकडो हॉटेलं निघाली तर प्रत्येकात आठ मिक्सर जातील, एवढंच गणित. भावांना मात्र गावोगाव फिरायचं नव्हतं. त्यांचं घर होतं, पैसा होता, समाधान होतं. मग देशभर दुकानं वाटायचं काम क्रॉकनं मागून घेतलं.

करारातली मेख

करार असा झाला. जो कोणी मॅकडोनाल्ड्सच्या नावानं दुकान काढील त्यानं सुरुवातीला ९५० डॉलर भरायचे आणि विक्रीच्या १.९ टक्के रक्कम द्यायची. त्यातला अर्धा टक्का भावांचा, उरलेला १.४ टक्का क्रॉकचा. म्हणजे एखाद्या दुकानाची वर्षाची विक्री २ लाख डॉलर धरली, तर भावांना १,००० आणि क्रॉकला २,८००. त्यातूनच त्यानं जागा शोधायची, माणसं शिकवायची, देखरेख ठेवायची. शिवाय भटारखान्यात काडीचाही बदल करायचा तर भावांची लेखी परवानगी लागणार. मिक्सर विकण्यात मुरलेला माणूस इथं सपशेल फसला होता. दुकानं वाढतील तसा खर्च वाढणार, हातात काही उरणार नाही.

त्यात आणखी एक घोळ निघाला. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथले हक्क भावांनी आधीच एका आइस्क्रीम कंपनीला ५,००० डॉलरला देऊन टाकले होते. एकाच जमिनीचं दोघांना साठेखत व्हावं तसला प्रकार. क्रॉकला ते हक्क २५,००० डॉलर मोजून सोडवून घ्यावे लागले. भावांबद्दल त्याच्या मनात अढी बसली ती इथं, आणि ती पुढं कधी गेली नाही.

१५ एप्रिल १९५५ ला शिकागोजवळच्या डेस प्लेन्स गावात क्रॉकचं पहिलं दुकान उघडलं. पहिल्या दिवसाचा गल्ला ३६६ डॉलर १२ सेंट. सगळं भावांच्या दुकानासारखंच, पण बटाट्याच्या फ्राइजला ती चव येईना. बटाटा तोच, तेल तेच, कापणं-धुणं तसंच. तरी फ्राइज लिबलिबीत. क्रॉक हैराण झाला.

खरं कारण साठवणीत होतं. सॅन बर्नार्डिनो वाळवंटाच्या काठाला. तिथं भाऊ बटाटे जाळीच्या पेट्यांत सावलीला ठेवायचे आणि कोरडा वारा त्यातून खेळत राहायचा. त्यात बटाट्यातली साखर कमी होऊन पिष्ट वाढायचं. क्रॉकचे बटाटे मात्र तळघरात कोंडलेले. ज्यानं कांदा चाळीत ठेवलाय त्याला हे एका वाक्यात कळेल. खालून-बाजूनं हवा खेळली नाही तर माल बिघडतोच. क्रॉकनं तळघरात मोठे विजेचे पंखे लावले, बटाट्यावर वारा सोडला, आणि चव आली.

बटाट्याचा हा नाद त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. साठच्या दशकात आयडाहो राज्यातला जे. आर. सिम्प्लॉट हा मोठा बटाटावाला त्याला भेटला. सिम्प्लॉट आठवीनंतर शाळा सोडलेला, शेतात राबून वर आलेला. त्यानं फ्राइज कापून, अर्धवट तळून, गोठवून पुरवायची तयारी दाखवली, आणि दोघांचा व्यवहार नुसत्या हातात हात देऊन ठरला. कागदावर जीव असलेल्या क्रॉकनं इथं मात्र शब्दावर भागवलं, हे विशेष.

दुकानं द्यायची कुणाला, यातही त्याला ठेच लागली. आधी त्यानं आपल्या क्लबातल्या पैसेवाल्या दोस्तांना दुकानं दिली. त्यांनी पैसा घातला, पण दुकानात पाय ठेवायची तयारी नव्हती. कुणी भाव वाढवले, कुणी मनाला येईल ते पदार्थ ठेवले. धडा दिला वॉकिगन गावच्या एका जोडप्यानं. नवरा छापखान्यातला, बायको दारोदार बायबल विकणारी. त्यांनी आयुष्याची पुंजी लावली, दोघं दुकानात स्वतः उभे राहिले आणि पहिल्याच दिवसांत त्यांचा माल संपला. तेव्हापासून क्रॉकनं ठरवलं, की पैसेवाला नको, घर गहाण टाकून स्वतः राबणारा माणूस पाहिजे. आणि एकेकाला एकच दुकान. अख्खा जिल्हा एकाच्या नावावर करायचा नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत तर तो खाष्ट सासूच. सकाळी दुकानाकडं चालत येताना वाटेतले कागद, पेले उचलत यायचा. शनिवारी पोचा पिळायच्या बादलीच्या जाळीतली भोकं टूथब्रशनं घासायचा, मालक असून. दुकानात गाण्याचं मशीन नको, टेलिफोन नको, सिगारेटचं यंत्र नको. पोरं टोळकं करून बसतात म्हणून. बायकांना काउंटरवर नोकरी द्यायची नाही, असाही एक नियम बरीच वर्षं होता, आणि त्याचं समर्थन करण्यासारखं काही नाही.

पैसा बर्गरमध्ये नव्हता

एवढं सगळं करूनही कंपनी कर्जातच. क्रॉक स्वतः कंपनीतून १९६१ पर्यंत पगार घेत नव्हता, मिक्सरच्या कमाईवर घर चालवत होता. त्याची सेक्रेटरी जून मार्टिनो हिला पगारवाढ द्यायला पैसे नव्हते म्हणून त्यानं कंपनीतला हिस्सा दिला. हा १० टक्के हिस्सा पुढं तिला श्रीमंत करून गेला.

वाट काढली हॅरी सॉनबॉर्न नावाच्या माणसानं. हिशेबात पक्का, बर्गरशी देणंघेणं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. १.४ टक्क्यावर कंपनी जगणार नाही, जगेल ती जागेवर. १९५६ मध्ये त्यानं जागांसाठी वेगळी कंपनी काढली. रस्त्याकडेच्या जमीनमालकाला गाठायचं, त्याच्याकडून २० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं जागा घ्यायची, आणि तीच जागा आपल्या दुकानदाराला चढ्या भाड्यानं द्यायची. भाडं कसं? एक किमान रक्कम ठरलेली, नाहीतर विक्रीच्या ५ टक्के, यातलं जे जास्त होईल ते.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर खंड आणि वाटा दोन्ही. पीक बुडालं तर खंड चुकत नाही, पीक मातलं तर वाट्यानं घेणार. शिवाय दुकानदारानं कंपनीचा नियम मोडला तर त्याचा भाडेपट्टाच रद्द. म्हणजे दुकान, गिऱ्हाईक, सगळं हातचं गेलं. नुसत्या करारानं जी शिस्त लागत नव्हती ती जमिनीनं लावली. नंतर नंतर कंपनी जागा विकतच घ्यायला लागली. ज्या फ्लोरिडाच्या प्लॉटांनी क्रॉकला तरुणपणी रिकाम्या हातानं घरी पाठवलं होतं, त्याच जमिनीच्या धंद्यानं त्याला पन्नाशीनंतर उभं केलं.

१९६० च्या सुमाराला दुकानं दोनशेच्या पुढं गेली. आता क्रॉकला भावांची परवानगी, भावांचा अर्धा टक्का, काहीच नको होतं. उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत दुकान गरम ठेवायची भट्टी बसवायला तळघर लागतं. एवढ्या बदलालाही भाऊ तोंडानं हो म्हणायचे, पण कागद देत नव्हते. त्यानं किंमत विचारली. भावांनी आकडा सांगितला, २७ लाख डॉलर. कर कापून दोघांच्या हातात एकेक दहा लाख यावेत, हा त्यांचा हिशेब. क्रॉकनं विद्यापीठांच्या, पेन्शनच्या फंडांकडून कर्ज उचललं आणि १९६१ मध्ये नाव, कमान, पद्धत, सगळं विकत घेतलं.

एक गोष्ट भावांनी दिली नाही, सॅन बर्नार्डिनोचं मूळ दुकान. क्रॉक भडकला. पण नाव आता त्याचं होतं. भावांना पाटी बदलून द बिग एम करावी लागली. क्रॉकनं तिथून जवळच नवंकोरं मॅकडोनाल्ड्स उघडलं. काही वर्षांत बिग एमला टाळं लागलं. धंद्यात असं चालतं असं कुणी म्हणेल. पण २७ लाख मोजून झाल्यावर त्या एका दुकानाच्या मागं लागायची गरज नव्हती.

अर्धा टक्का तोंडी शब्दावर पुढंही मिळत राहायचा होता, असं भावांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. कागदावर तसं काही नाही, आणि पैसेही आले नाहीत. क्रॉकच्या शेवटच्या काळात जगभरच्या दुकानांची मिळून वर्षाची विक्री ८०० कोटी डॉलरच्या पुढं होती. त्याचा अर्धा टक्का म्हणजे एका वर्षाचे ४ कोटी डॉलर. भावांना एकदाच मिळाले ते २७ लाख.

१९६५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, २२.५० डॉलरला एक. क्रॉक करोडपती झाला. सॉनबॉर्नशी मात्र त्याचं फाटलं. मंदी येतेय, नवी दुकानं थांबवा, असं सॉनबॉर्नचं मत. क्रॉक थांबणारा नव्हता. १९६७ मध्ये सॉनबॉर्न निघून गेला.

नवे पदार्थ काढण्यात मात्र क्रॉकचा हात कधी चालला नाही. सिनसिनाटीत एका दुकानदाराच्या भागात कॅथलिक वस्ती. उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, दुकान ओस. त्यानं माशाचा बर्गर काढला. क्रॉकनं त्याच्याविरुद्ध स्वतःचा काढला, पावात चीज आणि अननसाची चकती. १९६२ मध्ये दोघांची पैज लागली. माशाचे ३५० गेले, अननसाचे ६. क्रॉकनं हार मानली आणि मासा सगळीकडं आला. बिग मॅकसुद्धा पिट्सबर्गकडच्या जिम डेलिगाटी या दुकानदाराचाच.

गिऱ्हाईक काय पाळतं ते बघूनच ताट मांडायचं, हे कंपनी भारतात येतानाही विसरली नाही. १९९६ मध्ये दिल्लीतल्या वसंत विहारला आणि त्याच वर्षी मुंबईत दुकान उघडलं ते गाय-डुकराचं मांस बाजूला ठेवून, बटाट्याची टिक्की घेऊन. सुरुवातीच्या वर्षांत चीज बारामतीच्या डेअरीतून आणि लेट्यूसचा पाला तळेगावच्या शेतातून जायचा. फ्राइजसाठी मात्र आपला नेहमीचा बटाटा चालेना, पाणी जास्त. त्यासाठी गुजरातेत शेतकऱ्यांकडून वेगळ्या जातीचा बटाटा करारावर घेतला जाऊ लागला आणि मेहसाण्याला कारखाना उभा राहिला. क्रॉक तेव्हा हयात नव्हता.

त्याचे शेवटचे दिवस श्रीमंतीत गेले, शांततेत गेले असं नाही. दोन लग्नं मोडली. तिसरी बायको जोन. ती एका हॉटेलात ऑर्गन वाजवायची तेव्हाची ओळख. १९७२ मध्ये त्यानं अध्यक्ष निक्सन यांच्या निवडणुकीला अडीच लाख डॉलर दिले. त्याच सुमाराला पोरासोरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी द्यायची मुभा देणारा प्रस्ताव संसदेत होता, आणि त्याचा फायदा कुणाला, हे लोकांना दिसत होतं. बरीच बोंब झाली. १९७४ मध्ये त्यानं सॅन दिएगोचा बेसबॉल संघ विकत घेतला. घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात खेळाडू गचाळ खेळले तेव्हा यानं माइक हिसकावला आणि हजारो प्रेक्षकांसमोर आपल्याच संघाला झापलं.

१४ जानेवारी १९८४ ला सॅन दिएगोत तो वारला, वय ८१. तेव्हा दुकानं सुमारे ७,५०० झाली होती. जोननं नंतर दोन्ही हातांनी दान केलं. २००३ मध्ये ती गेली तेव्हा सॅल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेला दीडशे कोटी डॉलरहून जास्त रक्कम ठेवून गेली.

मॅक १९७१ लाच गेला होता. डिक मात्र होता. क्रॉक गेला त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीनं आपला ५० अब्जावा बर्गर न्यूयॉर्कच्या एका समारंभात त्याच्या हातात दिला. विक्रीनंतर क्रॉकला संस्थापक म्हणायला लागले, हे त्याला खटकत राहिलं. तो १९९८ मध्ये गेला. त्याच वर्षी सॅन बर्नार्डिनोची ती मूळ जागा कोंबडीचं जेवण विकणाऱ्या एका दुसऱ्याच कंपनीनं विकत घेतली. तिथं त्यांनी जुने पेले, खेळणी, पाट्या मांडून एक संग्रहालय केलंय. मॅकडोनाल्ड्स कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही.